घडांना कागद

फेब्रुवारी सरत आला की
दिंडोरीच्या बागांतून घडांना कागद लागतात.
जुनं वर्तमानपत्र, एक घडी, वरून स्टेपलरची पिन,
आणि आतला माल उन्हाला दिसेनासा.
पश्चिमेकडच्या ओळींवर तर साड्याच पांघरतात,
सुरतेहून किलोवर आलेल्या,
कारण तीन वाजताचं ऊन
मण्याच्या सालीवर चट्टा पाडतं, म्हणतात.

मी नाक्यावरच्या मेडिकलात बसते.
सालीचंच खातं, पण दुसरं.

शुक्रवारी कमळी भोये आली,
डिझेलला टेम्पो थांबला तेवढ्यात.
कोपरापासून बोटांपर्यंत हात भाजून निघालेले,
गालांच्या हाडांवर दोन डाग,
ओल्या शाईचा अंगठा टेकवावा तसे.
"असं काई द्या ताई, लावलं का आग थांबंल."

मी ट्यूब काढली. पन्नास ग्रॅम.
तिने ती उलटी करून किंमत वाचली,
"दीड दिवसाची हजेरी," म्हणाली.
"आन पुरंल किती?"
आता धंदा करायचा की खरं बोलायचं.
तोंडाला, मानेला, दोन्ही हातांना,
घाम पुसला की पुन्हा, दोन-दोन तासांनी,
मी म्हटलं, दोन दिवस. फार तर तीन.

ती हसली, दात दिसतील इतकं.
"घडाला कागद, येलीला साडी.
आमी काय, एक्स्पोर्टला थोडीच जातोय."

आणि मला आप्पांचा कान आठवला.
एकतीस वर्षं टपाल, सायकलवरून,
दिंडोरी ते वणी, वणी ते ननाशी.
निवृत्तीनंतर डाव्या कानाच्या टोकावर खपली धरली.
निघाली, धरली, पुन्हा निघाली.
आम्ही हळद लावली, तूप लावलं,
न्हाव्याला बोल लावला.
दोन वर्षांनी नाशकात, सिव्हिलमध्ये,
डॉक्टरांनी हरभऱ्याएवढा तुकडा काढून बाटलीत टाकला
आणि विचारलं, "काका, टोपी कसली घालायचात?"
"खात्याची," आप्पा म्हणाले, ताठ बसून.
ती टोपी मी पाहिलेली आहे.
डोकं झाकायची. कानांचं तिला काही सांगितलेलं नव्हतं.
चष्म्याची काडी त्या बाजूने अजून घसरते.

ट्यूब मी जागेवर ठेवली.
कमळीला म्हटलं, फाटकी साडी पडलेली असेलच बागेत,
तिच्या बाह्या शिव, सैल, बोटांपर्यंत,
अंगठ्याला भोक ठेव म्हणजे पिन मारता येईल.
पदर भुवयांच्याही पुढे ओढ,
सासऱ्यासाठी नाही गं, उन्हासाठी.
कान झाक. कान विसरू नकोस.
बारा ते तीन मांडवाच्या आतल्या ओळी धर,
कडेच्या सकाळी उरका, मुकादमाला सांग.
आणि एखादी जखम महिनाभर भरलीच नाही
तर हळद लावत बसू नकोस.
टेम्पोचा हॉर्न वाजला.
आगीसाठी साधं कॅलामाइन दिलं, छोटी बाटली.
ती पैसे मोजून गेली.

मंगळवारी टेम्पो नाक्यावरून गेला, थांबला नाही.
मागे उभ्या बायांतून एक हात वर आला,
जांभळ्या फुलांची बाही, अंगठ्यापर्यंत.
शेजारचा दुसरा हातही तसाच. मग तिसरा.
नंतर कुणीतरी दुकानात सांगितलं,
मुकादम म्हणाला होता, ही साडी बागेची दिसते.
कमळी म्हणाली,
"व्हय. हाताला पेपर लावलाय."

चार वाजता ऊन माझ्या काउंटरवर येतं,
शटरखालून तिरपं, वहीच्या कडेपर्यंत.
सतरा वर्षं येतंय.
माझा डावा हात उजव्यापेक्षा दोन छटा काळा आहे,
हे मी आज पाहिलं.
पडदा लावायचा म्हणते.